भर उन्हात उघडं ॲपर्चर: एनडी फिल्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हात उघड्या ॲपर्चरवर पोर्ट्रेट काढणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी, प्रकाश कमी करणारा फिल्टर. धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून वापरायचे दाट एनडी हा वेगळा विषय आहे. इथला प्रश्न एवढाच आहे: डोक्यावर ऊन आहे, हातात एफ १.४ किंवा एफ १.८ची लेन्स आहे, मागचं सगळं विरघळलेलं हवं आहे आणि कॅमेरा मात्र नाही म्हणतो आहे.

भर उन्हात एफ १.४ वर फोटो पांढराफटक का येतो?

कारण कॅमेऱ्याचं शटर तेवढं वेगवान नसतं. जुन्या फिल्मवाल्यांचा 'सनी सिक्स्टीन'चा नियम आजही तसाच लागू पडतो: स्वच्छ उन्हात एफ १६ ठेवा आणि शटर स्पीड आयएसओच्या (सेन्सर किंवा फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील ते सांगणाऱ्या) आकड्याइतका ठेवा. म्हणजे आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१००. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. इथून ॲपर्चर एकेक स्टॉप उघडत गेलं की शटर दर वेळी दुप्पट वेगवान करावं लागतं: एफ ११ ला १/२००, एफ ८ ला १/४००, एफ ५.६ ला १/८००, एफ ४ ला १/१६००, एफ २.८ ला १/३२००, एफ २ ला १/६४०० आणि एफ १.४ ला १/१२८००.

आता आपापला कॅमेरा बघा. सुरुवातीच्या आणि मधल्या श्रेणीतल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० वर थांबतं. कॅनन २००डी, निकॉन डी५६००, निकॉन डी७५०, सोनी ए६४०० हे सगळे त्यातलेच. वरच्या श्रेणीत १/८००० मिळतं. १/४००० वाल्याला एफ १.४ वर दीड स्टॉपहून थोडा जास्त प्रकाश जादा होतो, १/८००० वाल्याला अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त. पांढरी वाळू आणि पाणी असलेल्या किनाऱ्यावर परावर्तनामुळे आणखी एक स्टॉप चढतो. तिथे हिशोब एफ १६ ऐवजी एफ २२ पासून सुरू करायचा.

एफ १६ पासूनची ही आकड्यांची साखळी पाठ करा असं मी आग्रहाने सांगतो. फिल्टर किती स्टॉपचा, फ्लॅश चालेल का, व्हिडिओला काय, या पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातून तोंडी काढता येतात.

एनडी फिल्टर नेमकं काय करतो?

लेन्सच्या तोंडाशी बसणारी करडी काच. सगळ्या रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात कमी करते, निदान तसं करणं अपेक्षित असतं. ॲपर्चर तेच राहतं, त्यामुळे डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारा पट्टा) तीच राहते आणि मागचा ब्लरही तोच राहतो. एनडीने ब्लर वाढतो हा समज चुकीचा आहे. जे ॲपर्चर तुम्हाला उन्हात सोडून द्यावं लागत होतं, ते वापरण्याची मोकळीक तो देतो. प्रकाशाची दिशा, सावल्यांची धार, कॉन्ट्रास्ट यातलं काहीही तो बदलत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, कारण सर्वांत जास्त निराशा इथेच होते.

एका फिल्टरवर एनडी८ लिहिलंय, दुसऱ्यावर ०.९. फरक काय?

काहीच नाही. दोन्ही तीन स्टॉपचे. पहिला आकडा प्रकाश किती पटीने कमी होतो ते सांगतो, दुसरा ऑप्टिकल डेन्सिटी सांगतो. डेन्सिटीत ०.३ म्हणजे एक स्टॉप. होया कंपनी पटीचा आकडा लिहिते, टिफेन डेन्सिटीचा.

- एनडी२ = ०.३ = १ स्टॉप
- एनडी४ = ०.६ = २ स्टॉप
- एनडी८ = ०.९ = ३ स्टॉप
- एनडी१६ = १.२ = ४ स्टॉप
- एनडी६४ = १.८ = ६ स्टॉप
- एनडी१००० = ३.० = १० स्टॉप

दोन फिल्टर एकावर एक लावले तर स्टॉप आणि डेन्सिटी यांची बेरीज होते, पटीच्या आकड्यांचा मात्र गुणाकार. एनडी८ वर एनडी८ म्हणजे एनडी६४, एनडी१६ नव्हे. ऑनलाइन घेताना वर्णनातला एकच आकडा बघून मागवू नका. स्टॉप किती ते कुठेतरी लिहिलेलं असतंच, ते शोधा.

माझ्या कामासाठी किती स्टॉपचा घेऊ?

फ्लॅश न वापरता उन्हात पोर्ट्रेट काढत असाल तर तीन स्टॉपचा. एकच फिल्टर घ्यायचा झाला तरी हाच. हिशोब बघा: एफ १.४ ला १/१२८०० लागत होतं, तीन स्टॉपने ते १/१६०० वर येतं. एफ २ ला १/८००, एफ २.८ ला १/४००. हे सगळे आकडे शटरच्या आवाक्यातले आहेत, शिवाय पळणारं मूल किंवा वाऱ्यावर उडणारा पदर गोठवायलाही पुरेसे. ढग आला तरी फिल्टर काढायची घाई करावी लागत नाही, थोडा आयएसओ वाढवला की भागतं.

दोन स्टॉपचा एफ १.८ वाल्यांना पुरतो, पण किनाऱ्यावर काठावर येतो. सहा स्टॉपचा घ्यायचा तो फ्लॅश किंवा व्हिडिओसाठी. आणि 'दहा स्टॉपचा घेतला की सगळ्याला चालेल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दहा स्टॉप लावून एफ १.४ ला भर उन्हात शटर १/१२.५ च्या आसपास येतं. त्या वेगाला हातात धरून माणसाचा फोटो काढता येत नाही.

कॅमेऱ्यात आयएसओ ५० आहे. त्याने भागणार नाही का?

दिसताना भागतं, प्रत्यक्षात नाही. ज्या कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ १०० आहे त्यातला 'लो' किंवा ५० हा बहुधा खरा आयएसओ नसतो. सेन्सरवर एक स्टॉप जास्त प्रकाश पडू दिलेला असतो आणि नंतर आकडेमोडीने उजेड खाली आणलेला असतो. म्हणजे हायलाइट्स, चित्रातले सर्वांत उजळ भाग, एक स्टॉप आधीच उडतात. उन्हात आपल्याला जपायचं असतं नेमकं तेच: पैठणीची जर, मोगऱ्याचा गजरा, पांढरा कुर्ता. एकदा तिथला तपशील गेला की रॉ फाइलमधूनही (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीतूनही) परत येत नाही.

ज्यांचा मूळ आयएसओच ६४ आहे, उदाहरणार्थ निकॉन डी८५०, त्यांना मात्र खरोखरचा पाऊण स्टॉपच्या आसपास फायदा मिळतो. उलट काही फुजी कॅमेऱ्यांचा मूळ आयएसओ १६० किंवा २०० आहे. त्यांची साखळी तेवढी वर सरकते. आयएसओ २०० ला एफ १.४ म्हणजे १/२५६००. अशा कॅमेऱ्याला एनडीची गरज इतरांपेक्षा जास्त.

माझ्या मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर १/३२००० पर्यंत जातं. मग फिल्टर कशाला?

स्थिर उभ्या माणसाचा, सूर्यप्रकाशातला, फ्लॅश नसलेला फोटो असेल तर खरंच नको. इलेक्ट्रॉनिक शटर लावा आणि काढा. पण त्याच्या मर्यादा ओळखून वापरा.

बहुतेक सेन्सर चित्र एकदम वाचत नाहीत, वरून खाली ओळीओळीने वाचतात. १/३२००० हा प्रत्येक ओळीचा काळ झाला. पूर्ण चित्र वाचायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. त्या वेळात हात हलला किंवा नवरीने गिरकी घेतली तर आकार तिरके होतात. मंडपात, स्टेजवर किंवा एलईडी पडद्यासमोर आडवे पट्टे येतात. आणि बहुतेक कॅमेऱ्यांत या शटरबरोबर फ्लॅश चालतच नाही. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्रीमध्ये सगळ्या ओळी एकदम वाचणारं ग्लोबल शटर आलं आणि ही अडचण तिथे सुटली, पण तो कॅमेरा सगळ्यांच्या पिशवीत असणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी फारच कमी लोक तपासतात, आणि उघड्या ॲपर्चरवाल्यांना तिचाच फटका सगळ्यात जास्त बसतो. मिररलेस कॅमेऱ्यांत 'इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन' नावाचा पर्याय असतो. तो अनेकदा आधीपासूनच चालू असतो. यात पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आणि दुसरा खराखुरा असतो, आणि दोन्ही एका पातळीत नसतात. १/२००० च्या पुढच्या वेगाला एफ १.४, एफ १.८ सारख्या ॲपर्चरवर मागचे गोल प्रकाशबिंदू एका बाजूने कापल्यासारखे दिसू लागतात, बोके (मागच्या ब्लरचा पोत) खरखरीत होतो, कधी चित्राच्या एका भागात उजेडही कमी-जास्त पडतो. मग लेन्सला दोष दिला जातो. उपाय दोन: मेनूत जाऊन पूर्ण मेकॅनिकल शटर निवडा, किंवा एनडी लावून वेग १/१००० च्या आसपास आणा. एनडी लावल्यावर हा प्रश्न उरतच नाही, आणि माझ्या मते तीन स्टॉपचा फिल्टर पिशवीत ठेवायला हे एक कारणही पुरेसं आहे.

फ्लॅश वापरायचा असेल तर?

इथे एनडीचं काम खरं सुरू होतं.

कॅमेऱ्याचं शटर म्हणजे दोन पडदे. सिंक स्पीडपर्यंत, म्हणजे साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंत, एका क्षणी पूर्ण सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅशचा झोत सगळीकडे पोचतो. त्याहून वेगवान गेलं की दोन पडद्यांमधली फट सरकत जाते आणि फ्लॅश फक्त एका पट्ट्याला लागतो. म्हणून शटर १/२०० वर बांधलेलं. आणि १/२०० ला उन्हात ॲपर्चर किती? एफ ११. तिथून एफ १.४ पर्यंत सहा स्टॉप आहेत. तेवढा फिल्टर हवा. एफ २ वर काढणार असाल तर पाच, एफ २.८ वर चार. आकाश थोडं गडद, निळं हवं असेल तर आणखी एक स्टॉप धरा.

आता अनेकांना वाटतं की ॲपर्चर एफ १.४ वर उघडलं म्हणजे छोट्या फ्लॅशनेही भागेल. तसं होत नाही. एनडी उन्हाला जेवढं कापतो तेवढंच फ्लॅशलाही कापतो. एफ १.४ आणि सहा स्टॉपचा फिल्टर यांना लागणारी फ्लॅशची ताकद आणि फिल्टरविना एफ ११ ला लागणारी ताकद एकच. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला एफच्या आकड्याने भागलं की अंतर मिळतं. मीटरमध्ये गाइड नंबर ६० असलेला स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) पूर्ण ताकदीवर, उघडा, झूम करून, कागदावर एफ ११ ला साधारण साडेपाच मीटरपर्यंत पुरतो. त्यावर सॉफ्टबॉक्स किंवा छत्री चढवून दोन स्टॉप गेले की अंतर निम्म्यावर येतं. म्हणजे सॉफ्टबॉक्स जोडप्याच्या अगदी जवळ, फ्रेमच्या कडेपर्यंत आणावा लागतो. ऊन खूप असेल तर दोन स्पीडलाइट एकत्र लावा किंवा बॅटरीवरचा मोठा स्ट्रोब घ्या.

मग हाय-स्पीड सिंक का वापरू नये?

वापरा, सोयीचं असेल तिथे जरूर वापरा. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकच झोत न टाकता शटरची फट सरकत असताना सतत उजळत राहतो. त्यातला बराचसा प्रकाश बंद पडद्यावर वाया जातो. उन्हाच्या तुलनेत साधारण दोन स्टॉप ताकद कमी पडते, फ्लॅश तापतो, भरायला वेळ घेतो, बॅटरी लवकर बसते.

फ्लॅश जवळ आणता येत असेल, चेहऱ्यावरची सावली थोडी भरायची एवढंच काम असेल, तर हाय-स्पीड सिंक बरा. फिल्टर चढव-उतरव नाही, फोकसला त्रास नाही. सूर्याला मागे ठेवून फ्लॅशनेच मुख्य उजेड द्यायचा असेल तर एनडी आणि साधा सिंक. दोन्ही एकत्र लावून जास्त ताकद मिळत नाही. हाय-स्पीड सिंक चालू असताना वर एनडी चढवला तर ऊन आणि फ्लॅश दोघंही कमी होतात आणि प्रमाण होतं तिथेच राहतं.

व्हेरिएबल एनडी घ्यावा का? एकात सगळं मिळतं म्हणतात.

व्हिडिओसाठी हो. फोटोसाठी माझं मत नाही असंच आहे.

व्हेरिएबल एनडी म्हणजे एकासमोर एक ठेवलेले दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या काचा. पुढचा फिरवला की काळोख वाढतो. यातून दोन गोष्टी होतात. एक, शेवटच्या टोकाला फिरवलं की चित्रात फुलीसारखी गडद छटा उमटते, आणि लेन्स जितकी वाइड तितकी ती लवकर दिसते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पुढची काच पोलरायझर असल्यामुळे उजेड कमी-जास्त करताना आकाशाचा निळा रंग, पानांवरची चमक, घामट त्वचेवरचा तजेला हेही बदलत राहतात. चेहऱ्यावर थोडी चमक हवी असते, ती गेली की चेहरा सपाट वाटतो. एका फोटोत आकाश गडद आणि पुढच्यात फिकट आलं की अल्बम जुळवताना पुन्हा डोकेदुखी.

घ्यायचाच असेल तर २ ते ५ स्टॉप असा मर्यादित पल्ल्याचा आणि दोन्ही टोकांना थांबणारा घ्या. दुकानातच ८५ मिमी आणि एखादी वाइड लेन्स लावून मोकळ्या आकाशाकडे धरा आणि पूर्ण फिरवून बघा. फुली असेल तर तिथेच दिसते.

पिशवीत सर्क्युलर पोलरायझर आहे. त्याने काम होईल?

बऱ्याचदा होईल. पोलरायझर स्वतःच दीड ते दोन स्टॉप खातो. १/८००० च्या कॅमेऱ्याला एफ १.४ वर एवढं पुरतं, १/४००० वाल्याला एफ १.८ वर. चेहऱ्यावरची चमक जाणार नाही अशा कोनात फिरवून ठेवायचा. अचानक ऊन पडलं आणि एनडी घरी राहिला तर हा उपाय उत्तम.

फिल्टर लावल्यावर फोकस होतो का?

तीन स्टॉपला काहीच जाणवत नाही. ईव्ही (एक्स्पोजर व्हॅल्यू) हा उजेड मोजायचा आकडा, एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप. भर ऊन म्हणजे ईव्ही १५. सहा स्टॉप काढले तरी ईव्ही ९ उरतं, म्हणजे चांगल्या उजेडाच्या खोलीपेक्षाही थोडं जास्त. आजचे मिररलेस ईव्ही उणे तीनच्या खालीही फोकस करतात. डीएसएलआरचा ऑटोफोकसही सहा स्टॉपला बहुधा चालतो, पण व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार दाटतो आणि डोळ्याला फ्रेम नीट दिसत नाही. त्यांनी लाइव्ह व्ह्यू वापरावा.

मिररलेसवर फ्लॅश लावून काढताना स्क्रीन काळी दिसत असेल तर फिल्टर दोषी नाही. एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा.

लक्षात ठेवायची खरी अडचण वेगळी आहे. ८५ मिमी लेन्स, एफ १.४, माणूस दोन मीटरवर: फुल फ्रेमवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटीमीटरचा. जवळच्या डोळ्यावर फोकस केला आणि मान थोडी वळली की दुसरा डोळा सुटतो. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, त्यामुळे ही चूक घरी गेल्यावरच कळते. आय-डिटेक्ट (डोळा ओळखून फोकस करण्याची सोय) चालू ठेवा आणि मधेमधे फोटो मोठा करून बघा.

एफ १.४ च हवं का? एफ २.८ वर काढलं तर?

हा प्रश्न आधी विचारणारे लोक मला आवडतात. मागचा ब्लर ॲपर्चरवर जितका अवलंबून असतो तितकाच पार्श्वभूमी किती लांब आहे यावरही. जोडप्याला भिंतीपासून दहा-पंधरा पावलं पुढे आणा, लांब लेन्स लावा, एफ २.८ वरही मागचं सगळं विरघळतं, आणि १/३२०० ला फिल्टरच लागत नाही. शिवाय भर उन्हात बऱ्याच वेगवान लेन्स पूर्ण उघड्या असताना केसांच्या कडांना, जरीच्या काठाला जांभळी-हिरवी झाक आणतात. एनडीने ती जात नाही, एफ २ किंवा एफ २.८ वर मात्र बरीच कमी होते. एफ १.४ ची जादू असते, ती मान्य, पण ती ३५ आणि ५० मिमीवर, अर्धा देह किंवा पूर्ण देह दिसेल अशा फ्रेममध्ये जास्त खुलते. तिथे ब्लर मिळवायला दुसरा मार्ग नसतो.

फिल्टर लावला की दुपारचं ऊन मऊ होतं का?

नाही, अजिबात नाही.

आपल्याकडे मे महिन्यात सूर्य खरोखर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. कोल्हापूरला तो मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, पुण्या-मुंबईकडे महिन्याच्या मध्याला, विदर्भात शेवटच्या आठवड्याकडे. त्या दिवसांत दुपारी साडेबाराला उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर येते, टाळू आणि गालांची हाडं पांढरी जळतात. एनडी लावून एफ १.४ वर काढलात तर मागचं सुंदर विरघळतं आणि पुढे तोच खोबणी काळ्या पडलेला चेहरा उरतो. फिल्टरने प्रमाणात काहीच फरक पडला नाही, कारण त्याने सगळंच सारखं कमी केलं.

चेहऱ्यावरचं ऊन सुधारायचं तर प्रकाशाच्या वाटेत काहीतरी आणावं लागतं. कोकणातल्या घराची पडवी किंवा ओसरी ही सर्वांत छान सोय: माणूस छपराच्या कडेशी, आत एक पाऊल, चेहरा अंगणाकडे. समोरचं उन्हातलं अंगणच मोठा दिवा बनतं. अंगण जांभ्याचं असेल तर उजेडात तांबूस छटा येते, तेवढी व्हाइट बॅलन्समध्ये (रंगांची झाक जुळवायच्या सेटिंगमध्ये) सांभाळा. उघड्या पठारावर किंवा किनाऱ्यावर काहीच आडोसा नसेल तर दोघांनी धरलेला पांढरा डिफ्यूझर डोक्यावर आणि समोरून रिफ्लेक्टर. रिफ्लेक्टर नसेल तर थर्माकोलची शीटही चालते. सूर्य सव्वाचारनंतर तिरका व्हायला लागला की त्याला पाठीमागे घ्या.

आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जागी एनडीची गरजच राहत नाही. उघड्या सावलीत उजेड भर उन्हापेक्षा तीन ते चार स्टॉपने कमी असतो. एफ १.४ ला १/८०० ते १/१६०० पुरतं. म्हणून माझा क्रम असा: आधी सावली शोधा, मग कोन, मग फिल्टर.

पावसाळ्यात, कासला वगैरे, लागेल का?

ढगाळ हवेत नाही. ऊन-पावसाचा खेळ चालू असेल तर तीन स्टॉपचा खिशात असू द्या. सोनेरी वेळेलाही लागत नाही.

फिल्टरने रंग बिघडतात, खरं का?

स्वस्त फिल्टरने बिघडतात. रंगवलेल्या रेझिनचे फिल्टर अनेकदा तपकिरी किंवा जांभळट झाक देतात. सगळ्या चित्रावर सारखी झाक असेल तर रॉमध्ये व्हाइट बॅलन्सने निघून जाते. फिल्टर लावूनच करड्या कार्डावर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला तर आणखी बरं.

जी झाक सहज निघत नाही ती इन्फ्रारेडची. साधा एनडी दिसणारा प्रकाश अडवतो पण इन्फ्रारेड बराचसा सोडतो. फिल्टर दाट होत जातो तसं सेन्सरवर इन्फ्रारेडचं प्रमाण वाढतं, आणि काळा सिंथेटिक कोट मरून किंवा चॉकलेटी दिसतो तर बाजूची काळी सुती पँट काळीच राहते. एकाच माणसाच्या अंगावरचे दोन काळे दोन रंगांचे! तीन स्टॉपला हे क्वचित दिसतं, सहाच्या पुढे दिसू लागतं. म्हणून सहा स्टॉपचा घेताना इन्फ्रारेडही अडवणारा, आयआरएनडी म्हणून विकला जाणारा घ्या.

व्हिडिओसाठी हिशोब वेगळा असतो का?

साखळी तीच, मर्यादा वेगळी. हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून २५ फ्रेमला शटर १/५० ठेवतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिव्यांखालीही हे जुळतं. एफ २.८ ला उन्हात १/३२०० लागतं, तिथून १/५० म्हणजे सहा स्टॉप. एफ १.४ ला आठ. लॉगमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठी मुद्दाम फिकट चित्रण करण्याच्या प्रकारात) आयएसओ ८०० पासून सुरुवात करावी लागत असेल तर त्यात आणखी तीन मिळवा. उजेड बदलत असताना चित्रण थांबवता येत नाही, म्हणून इथे व्हेरिएबल एनडी हवा. सोनी एफएक्स६ सारख्या कॅमेऱ्यात २ ते ७ स्टॉपचा इलेक्ट्रॉनिक एनडी आतच असतो.

काही छोट्या कॅमेऱ्यांत एनडी आतच असतो ना?

हो. फुजी एक्स१००व्हीआयमध्ये चार स्टॉपचा, रिको जीआर थ्रीमध्ये दोन स्टॉपचा. मेनूतून चालू करायचा. एक्स१००व्हीआयचा मूळ आयएसओ १२५, म्हणजे एफ २ ला उन्हात १/८०००. मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबतं. एनडी चालू केला की १/५०० वर येतं. अनेकांना आपल्या कॅमेऱ्यात हे आहे हेच माहीत नसतं.

जुना फिल्म कॅमेरा आहे. तिथे?

तिथे तर जास्तच लागतो. पेंटॅक्स के१००० चं शटर १/१००० ला संपतं. त्यात ४००ची फिल्म भरली की उन्हात एफ १० च्या आसपासच अडकता. एफ २ वर यायला साडेचार स्टॉपच्या वर कापावे लागतात. आतला मीटर लेन्समधूनच मोजतो, त्यामुळे तीन-चार स्टॉपच्या फिल्टरसह तो बरोबर वाचतो. हातातला मीटर वापरत असाल तर स्टॉप स्वतः मोजा.

मोबाइलवर लावायचे एनडी मिळतात, घ्यावे का?

ब्लरसाठी नाही. मोबाइलचं पोर्ट्रेट मोड सॉफ्टवेअर करतं, ॲपर्चर बहुधा बदलत नसतं. मोबाइलवर व्हिडिओ गंभीरपणे करत असाल तर उपयोग आहे.

तीन लेन्सना तीन मापांचे फिल्टर घ्यायचे का?

नको. सर्वांत मोठ्या तोंडाच्या लेन्सचं माप बघा, ते लेन्सवर व्यासाच्या खुणेपुढे लिहिलेलं असतं, आणि तेवढ्याचा एकच चांगला फिल्टर घ्या. बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (छोट्या तोंडावर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा. सोनीच्या ५० मिमी एफ १.८ ला ४९ मिमी लागतो, त्यांच्याच ८५ मिमी एफ १.८ ला ६७. घ्यायचा तो ६७ किंवा पुढचा विचार करून ७७. अडचण एकच: स्टेप-अप रिंग लावल्यावर लेन्सचं हुड बसत नाही. सूर्य समोर असेल तर सहाय्यकाच्या हाताची किंवा टोपीची सावली काचेवर धरा. आधीपासून लावलेला यूव्ही फिल्टर मात्र काढून ठेवा. काचेवर काच चढली की फ्लेअर वाढतो.

घेताना तपासायचा कसा?

दोन चाचण्या, दुकानाच्या दारातच होतात. पहिली रंगाची: व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर बांधा, पांढऱ्या कागदाचा एक फोटो फिल्टरविना, एक फिल्टरसह. दुसरी ताकदीची: मॅन्युअल मोडवर एफ ५.६ आणि १/८०० ला भिंतीचा फोटो, मग तीन स्टॉपचा फिल्टर लावून १/१००. हिस्टोग्राम (स्क्रीनवर दिसणारा उजेडाचा आलेख) एकाच जागी यायला हवा. थोडं सरकलं तर चालतं, अर्ध्या स्टॉपहून जास्त सरकलं तर दुसरा मागा. लांब लेन्सवर पूर्ण उघड्या ॲपर्चरला एखादा मजकूरही काढून बघा. काच सपाट नसेल तर अक्षरं मऊ पडतात, आणि ही खोट उघड्या ॲपर्चरलाच जास्त दिसते.

काळजी काय घ्यायची?

किनाऱ्यावरून आल्यावर फिल्टर कोरड्या कपड्याने पुसू नका. आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग किंचित ओल्या मायक्रोफायबरने खारट थर काढा. पावसाळ्यात फिल्टर आणि लेन्स दोन्ही हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, जेलचा रंग बदलला की वाळवा. चामड्याच्या किंवा फोमच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेल्या काचेवर बुरशी धरते.

लावताना आटे तिरके बसले तर जोर लावू नका. आधी उलटं फिरवा, टक् असा बारीक आवाज आला की मग सुलट. अडकलाच तर कडेभोवती जाड रबरबँड गुंडाळा आणि चारही बाजूंनी सारखा, हलका दाब देत सोडवा. चिमटीत घट्ट धरलं की रिंग दबते आणि आणखी अडकते.

एनडी लावून सूर्याकडे बघता येतं का?

नाही. सहा काय, दहा स्टॉपचा एनडीही डोळ्यांसाठी सुरक्षित नाही. दिसणारा प्रकाश कमी झाल्यामुळे बघवतं, पण इन्फ्रारेड आत येत राहतं. डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून तर मुळीच नको. ग्रहणासाठी सौर फिल्टर वेगळे मिळतात, तेच लेन्सच्या पुढे लावायचे. आणि भर दुपारी एफ १.४ ची उघडी लेन्स सूर्याकडे रोखून कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच सोडू नका, शटरचे पडदे आणि सेन्सर दोन्ही पोळू शकतात. दोन फोटोंच्या मधे लेन्सकॅप लावा.